अकरा वह्या, एकसष्टी आणि पहिलं पुस्तक

प्रश्न मिरजेहून आला आहे. पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं नोकरी करून गेल्या मे महिन्यात निवृत्ती झाली. शंभर पानी अकरा वह्या भरल्या आहेत. त्यांत नोकरीच्या आठवणी, काही कथा आणि साठेक कविता आहेत. पुढच्या मे महिन्यात एकसष्टी आहे आणि त्याच समारंभात पुस्तकाचं प्रकाशन व्हावं अशी मुलांची इच्छा आहे. एका प्रकाशकाने २०० पानं, ५०० प्रती, मुखपृष्ठासह ८५,००० रुपये सांगितले आहेत. पैसे भरावेत का? दुसरा रस्ता कोणता? आणि या वयात नव्या लेखकाला कोणी छापतं का?

पैसे भरू नका. आधी हिशेब मांडून पाहा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरली आणि वितरक व दुकानदार मिळून ४५ टक्के कमिशन गेलं, तर हातात प्रतीमागे १६५ रुपये येतात. पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या तरी ८२,५०० रुपये होतात, म्हणजे भरलेली रक्कमही परत येत नाही. आणि पाचशे विकल्या जात नाहीत. शंभर-सव्वाशे आहेरात आणि भेटीत जातात, थोड्या नातेवाईक घेतात, उरलेले गठ्ठे दिवाणात जाऊन बसतात. यात प्रकाशक लबाडच असतो असं नाही. त्याची कमाई तुमच्याकडून पैसे आले त्याच दिवशी झालेली असते, त्यामुळे पुस्तक विकण्याचं कारणच त्याच्याकडे उरत नाही. स्वतःचे पैसे घालणारा प्रकाशक तुम्हाला विकलेल्या प्रतीच्या छापील किमतीवर १० टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी देतो, म्हणजे या उदाहरणात प्रतीमागे ३० रुपये. रक्कम लहान आहे, पण त्याला स्वतःचा खर्च वसूल करायचा असल्यामुळे तो पुस्तक दुकानापर्यंत आणि ग्रंथालयापर्यंत नेतो. फरक आहे तो इथे.

वयाचं म्हणाल, तर संपादक जन्मतारीख पाहत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा आणि त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग पुस्तकरूपाने आला १९३४ साली. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून १९२५ साली, साठीला आल्यावर बाहेर पडले आणि पेशवे दप्तराच्या संपादनाचं प्रचंड काम त्यानंतर केलं. दोघांकडेही दुसऱ्या कोणाकडे नसलेला ऐवज होता. तुमच्याकडेही तो आहे. फक्त तो अकरा वह्यांत विखुरलेला आहे आणि मे महिन्याच्या आत तो गोळा होणार नाही. निवृत्तांची पुस्तकं बहुतेक वेळा बिघडतात ती समारंभाच्या तारखेमुळे. हॉल ठरतो, पाहुणे ठरतात, पत्रिका छापली जाते, आणि मग मजकुराला मुदत उरत नाही. म्हणून एकसष्टी आणि पुस्तक या दोन गोष्टी आजच वेगळ्या करा.

पहिलं काम लिहिण्याचं नाही, मोजदादीचं आहे. वह्यांना १ ते ११ क्रमांक द्या, प्रत्येक पानावर आकडा घाला आणि मोबाइलने पान न् पान फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं. २०१९ च्या महापुरात सांगलीत घरांबरोबर ग्रंथालयांची पुस्तकंही भिजली. कृष्णाकाठी राहणाऱ्याने एकुलती एक वही ट्रंकेत ठेवणं धोक्याचं आहे. त्यानंतर एक वेगळं रजिस्टर करून वही क्रमांक, पान क्रमांक आणि एका ओळीत विषय अशी सूची करा. याला दीड-दोन महिने जातात, पण वहीत नेमकं काय आहे आणि काय नाही हे पहिल्यांदा याच कामात कळतं.

सूची करताना समोर खूण करत जा. जे फक्त तुम्हीच पाहिलं त्याला लाल, जे तुमच्या पिढीतल्या कोणीही लिहिलं असतं त्याला निळी, आणि ज्यात कोणावरचा राग आहे त्याला काळी. गरिबीतलं शिक्षण, आईच्या हातची भाकरी, छडी मारणारे गुरुजी हे खरं असतं, जिव्हाळ्याचं असतं, पण संपादकाच्या टेबलावर असे मजकूर रोज येतात. लाल खुणांकडे पाहा. शेजपाळी, म्हणजे कोणाला कधी पाणी द्यायचं याचा क्रम, कसा लावतात, नमुना ७ चा पाणीमागणीचा अर्ज भरताना शेतकरी काय लपवतो, पाण्याच्या उन्हाळी पाळीत रात्री कालव्याचं दार कोण उचलतं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी का पोचत नाही, कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यापासून खाली येणाऱ्या कालव्यावर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याची रात्र कशी जाते, हे मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. अकरा वह्यांत मिळून दोन लाखांच्या आसपास शब्द असतील. त्यातले चाळीस हजार पुस्तकात जातील. बाकीचे वाया जात नाहीत, ते खालून आधार देतात, पण छापायचे नसतात.

आठवणी, कथा आणि कविता एका पुस्तकात घालू नका. असं मिश्र हस्तलिखित प्रकाशक पहिल्या दहा पानांत बाजूला ठेवतो, कारण दुकानदाराने ते कोणत्या कप्प्यात लावायचं हेच ठरत नाही. माझं मत विचाराल तर कालव्याचं पुस्तक पहिलं. कविता मासिकांना स्वतंत्र पाठवा. कथांचं नंतर पाहू. आणि प्रकरणं बदल्यांच्या क्रमाने लावू नका. ‘अमुक उपविभागात रुजू झालो, तमुक ठिकाणी बदली झाली’ हा सेवापुस्तकाचा क्रम आहे, वाचकाचा नाही. पाण्याचा क्रम घ्या: धरण, मुख्य कालवा, वितरिका, चारी, शेवटी टेल. माणसं आपोआप त्या त्या जागी येऊन उभी राहतात.

आता भाषेचं. नोकरी करून लिहायला लागलेल्यांचं सगळ्यात जास्त काम इथे असतं, म्हणून जरा थांबून सांगतो. टिप्पणी आणि अहवाल लिहून लिहून हाताला कर्मणी प्रयोगाची सवय लागलेली असते. ‘सदर ठिकाणी आवर्तन सोडण्यात आले असता लाभधारकांकडून तक्रार करण्यात आली.’ या वाक्यात माणूसच नाही. कोणी सोडलं, कोणी तक्रार केली, कुठे उभं राहून केली? ‘मंगळवारी पाणी सुटलं. शुक्रवारपर्यंत टेलला ओल नव्हती. शनिवारी सकाळी सात-आठ जणांनी पुलावर साहेबांची जीप अडवली.’ माहिती तीच, पण आता ती दिसते. हे जमवायचा साधा उपाय असा: सदर, उपरोक्त, याबाबत, अनुषंगाने, करण्यात आले, दिसून येते, सदरहू, तथापि या शब्दांची यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येक प्रकरण पूर्ण झाल्यावर त्यातला एकेक शब्द शोधून काढा. शब्द काढला की वाक्य मोडतं आणि नव्याने बांधावं लागतं. ती मेहनत टाळू नका. खात्याचे खास शब्द मात्र ठेवा. पाळी, दार, चारी, पाटकरी, पाणीपट्टी यांना तळटीप लागत नाही. पहिल्यांदा शब्द येईल तिथे तो वापरात दाखवला की वाचक समजून घेतो.

बोलीचंही तसंच. माणदेशी माणूस आणि वाळव्याचा माणूस एकसारखं बोलत नाही. संवाद ज्याच्या त्याच्या तोंडचे राहू द्या आणि निवेदन एकाच रीतीने लिहा. माडगूळकर बंधू माडगूळचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे सगळे याच जिल्ह्यातले. इथली बोली छापायला मराठी प्रकाशकाला भीती वाटत नाही. भीती वाटते ती विसंगतीची: एका पानावर ‘न्हाय’, दुसऱ्यावर ‘नाय’, तिसऱ्यावर ‘नाही’, तेही एकाच माणसाच्या तोंडी. निवेदनातही ‘केले’ आणि ‘केलं’ यांची सरमिसळ चालत नाही, कोणतं तरी एक धरा. शुद्धलेखनाचे मान्य नियम अठराच आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ साली भर घातलेले चार. दोन संध्याकाळी वाचून होतात. बोलीतल्या शब्दांची एक यादी मुद्रितशोधकाच्या हाती द्या, नाहीतर तो प्रामाणिकपणे सगळं ‘सुधारून’ ठेवील.

स्मरणावर विसंबून साल लिहू नका. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पण आठवणींत तो कधी १९६८ होतो तर कधी उन्हाळ्यात जातो. पूर, दुष्काळ, योजना सुरू झाल्याचं साल हे सगळं जिल्हा गॅझेटिअरमध्ये आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत पडताळा. कार्यालयातल्या कागदांच्या झेरॉक्स घरी असतील तर त्या जशाच्या तशा छापू नका. सरकारी कामाचा मजकूर हा तुमचा कॉपीराइट नसतो. आकडे हवे असतील तर माहितीच्या अधिकारात रीतसर मागवा. उत्तर तुमच्या नावाने येतं आणि पुस्तकात आधार म्हणून उभं राहतं.

पेन्शन अडेल ही भीती बऱ्याच जणांना असते. केंद्राने २०२१ साली पेन्शन नियमांत केलेला बदल गुप्तचर आणि सुरक्षेशी संबंधित संस्थांमधून निवृत्त झालेल्यांसाठी आहे. त्यांना लिहिण्याआधी परवानगी लागते. कालव्यावरच्या माणसाला तो लागू नाही.

खरा धोका काळ्या खुणांच्या मजकुरात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे आणि मयत व्यक्तीबद्दलच्या मजकुरानेही, तो तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने असेल तर, तो घडू शकतो. नाव बदललं म्हणून सुटका होत नाही. कार्यालय, साल आणि पद दिलं की तालुक्यातला प्रत्येक जण माणूस ओळखतो. हातात कागद नसेल तर लाच घेतल्याचा प्रसंग ठिकाण आणि काळ बदलून कथेत न्या, आठवणीत नको. राग असलेली पानं सहा महिने बाजूला ठेवून वाचली की त्यातली निम्मी आपणच काढून टाकतो.

पुस्तकाआधी सुटे लेख छापून यायला हवेत. यात मी आग्रही आहे. रविवारच्या पुरवणीला ७०० ते ९०० शब्द पुरतात, दिवाळी अंकाला १,५०० ते २,५००. साताऱ्याच्या ‘ऐक्य’पासून मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्यांपर्यंत जागा आहेत. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, म्हणून नवख्याने जूनअखेर लेख पोचवावा. गणपतीनंतर आलेल्या लेखाला पानं उरलेली नसतात. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. तीन महिने उत्तर नसेल तर दोन ओळींचं पत्र लिहून तो दुसरीकडे न्या. मानधन थोडं असतं, कधी नसतंच. पण असे सहा-सात लेख छापून आले की तीन गोष्टी होतात. शब्दमर्यादेत लिहायची शिस्त लागते, कोणता लेख लोक फोन करून विचारतात ते कळतं, आणि प्रकाशकाला लिहायच्या पत्रात सांगण्यासारखं काहीतरी असतं. औदुंबरला दर मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. तिथे नुसतं ऐकायला गेलात तरी या भागात कोण काय लिहितंय याचा अंदाज येतो.

टंकलेखनाबद्दल थोडक्यात. वह्या दुसऱ्याकडून टाइप करून घेण्यापेक्षा मोबाइलवर बोलून टाइप करा. रोज हजार शब्द निघतात. बोलून लिहिताना पूर्णविराम येत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, ते संध्याकाळी बसून नीट करायचं. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. छापखान्यात तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नेला तर दुसऱ्या, तऱ्हा, उद्ध्वस्त, विठ्ठल, चिन्ह असे शब्द आणि अवतरणचिन्हं हमखास तुटतात. पहिल्या प्रुफात आधी हे शब्द शोधा.

प्रकाशक निवडायला बाजारात फिरावं लागत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. तिथल्या घरांमध्ये बसून पुस्तकं विनामूल्य वाचता येतात. दोन दिवस काढून जा. तुमच्या विषयाजवळची, म्हणजे शेती, पाणी, नोकरीचे अनुभव, ग्रामीण व्यक्तिचित्रं अशी वीस पुस्तकं काढा आणि आतल्या पानावरून प्रकाशक, साल, आवृत्ती, पानं, किंमत टिपून घ्या. ज्याचं नाव चार वेळा आलं तो तुमचा पहिला पत्ता. सगळ्यांना एकच मजकूर एकदम पाठवणं हा नुसता टपालखर्च आहे.

पाठवायचं काय? एका पानाचं पत्र, एका पानात पुस्तकाचा सारांश, प्रकरणांची यादी, सलग तीस पानांचा नमुना आणि दहा ओळींत स्वतःची ओळख. ए-४ कागद, एका बाजूला, १४ पॉइंट, ओळींत मोकळी जागा, पान क्रमांक. हस्तलिखितच पाठवायचं असेल तर मूळ प्रत कधीही नाही, फक्त झेरॉक्स. मान्यवरांचे अभिप्राय, शुभेच्छा संदेश, सत्काराचे फोटो जोडू नका. पुस्तकातही तीन प्रस्तावना नकोत, दोन पानांचं मनोगत पुरे. उत्तराला तीन ते सहा महिने धरा. ‘परत’ आलं आणि कारण लिहिलेलं असलं तर ते पत्र जपून ठेवा, तेवढा वेळ संपादक सगळ्यांना देत नाही.

होकार आला की करार लेखी हवा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा असतो. कलम १९ नीट वाचा. हक्क दिल्याची मुदत करारात लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता मानला जातो, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसेल तर, तो परत येतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या ओळीवर सही करू नका. छापील आवृत्तीचा हक्क द्या. ई-बुक, श्राव्य, भाषांतर, चित्रपट यांचं वेगवेगळं लिहून घ्या. आवृत्ती किती प्रतींची, तुम्हाला भेट प्रती किती, विक्रीचं विवरण वर्षातून कधी, आणि आवृत्ती संपून दोन वर्षांत नवी काढली नाही तर हक्क परत, हे चार मुद्दे बोलण्यात नाही, कागदावर हवेत.

चाळीस हजार शब्द डेमी आकारात १३ पॉइंटला सुमारे दीडशे पानं होतात, सुरुवातीची पानं धरून १६०. छपाईचा फॉर्म सोळा पानांचा, म्हणजे बरोबर दहा फॉर्म. शेवटच्या प्रुफावर आठवलेला एक प्रसंग घातला आणि पानं १६३ झाली, तर तेवढ्यासाठी जास्तीचा कागद लागतो किंवा मागे कोरी पानं राहतात. भर घालायची ती पहिल्या प्रुफाआधी. प्रुफं तीन. पहिलं हस्तलिखिताशी ताडून, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पाहायचं. दुसऱ्यात दुरुस्त केलेली ओळ आणि तिच्या वरची-खालची ओळ. तिसऱ्यात फक्त शीर्षकं, पान क्रमांक, अनुक्रमणिका. लेखकाने एकट्याने प्रुफं पाहू नयेत. डोळ्याला कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. अर्ज मागवल्याची जाहिरात निघते तेव्हा वय, वाङ्मयप्रकार आणि शब्दसंख्येच्या त्या वर्षीच्या अटी शब्दशः वाचा. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत. पहिलं पुस्तक एकदाच असतं. घाईत काढलेल्या, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घेतलेल्या संग्रहाने हे दोन्ही दरवाजे बंद होऊ शकतात. आयएसबीएन तेरा अंकी असतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळतो. कोणी त्याचे वेगळे पैसे लावले तर विचारा. प्रकाशन झाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीची ठरलेली ग्रंथालयं यांना प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. पाठवल्याची पोच मागून घ्या. गावोगावच्या ग्रंथालयांची खरेदी आर्थिक वर्ष संपताना होते. पुस्तक दिवाळीच्या सुमारास आलं तर ते मार्चपर्यंत त्यांच्या नजरेखालून जातं. एप्रिलमध्ये आलं तर वर्षभर थांबतं.

आता मुलांचं. एकसष्टीला हातात काहीतरी द्यायचं ही त्यांची इच्छा मोडू नका. छापून आलेल्या किंवा तयार झालेल्या लेखांपैकी तीन निवडा, कवितांतल्या पाच-सहा घ्या, आणि ४८ पानांची, पिना मारलेली पुस्तिका डिजिटल छपाईने काढा. ७५ प्रती पुरतात, डिजिटलमध्ये प्लेटचा खर्च नसल्यामुळे कमी प्रती परवडतात. किंमत छापू नका, आयएसबीएन घेऊ नका, आतल्या पानावर ‘खासगी वितरणासाठी’ असं लिहा. मागच्या पानावर तुमचा पत्ता आणि एक ओळ ठेवा: यातला कोणता लेख पुढे वाचायला आवडेल, ते कळवा. कालव्यावर तुमच्याबरोबर काम केलेले लोक समारंभाला येतीलच. त्यांना प्रत देताना ‘यात काय चुकलंय?’ एवढं विचारा आणि खिशात वही ठेवा.